सीवूड्समधलं एक अंगण आणि त्याखालची खाडी

गेल्या वर्षी मे महिन्यात मी आमच्या अंगणाचं 'रीडिझाइन' करायला घेतलं आणि जुलैत आमच्या स्वयंपाकघरात घोट्याइतकं पाणी शिरलं. या दोन गोष्टींच्या मध्ये माझी एक चूक आहे. ती चूक समजून घ्यायला मला आधी नकाशे उघडावे लागले, मग इतिहास, आणि शेवटी बाबांची हिशेबाची वही. खरं तर हा क्रम उलटा असायला हवा होता.

सीवूड्स स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर आमचं रो-हाऊस आहे. बाबांनी ते १९९८ मध्ये घेतलं. मी तेव्हा रांगत होते. पुढे १२ बाय २० फुटांचं अंगण, मागे आठ फूट रुंदीची पट्टी. पुढच्या बाजूला तुळस, जास्वंद, सोनचाफा आणि अख्खी भिंत व्यापलेली बोगनवेल. मागे एक चिकू, दोन नारळ, कढीपत्ता, अळू आणि भिंतीला लागून कर्दळीची एक ओबडधोबड रांग. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बागेकडे नीट कोणी पाहिलं नव्हतं. बोगनवेलीचे काटे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांत अडकायचे, शहाबादी फरशा मुळांनी उचलल्या होत्या, आणि आईचे गुडघे आता उंचसखल जमिनीवर चालायला तयार नव्हते.

मी ऐरोलीत सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. महिन्याला पगार येतो, सुट्टीच्या दिवशी रील्स बघते, आणि रील्समध्ये सगळ्यांची अंगणं सुंदर असतात. मी एका लँडस्केपवाल्याला बोलावलं. त्यानं लॅपटॉपवर थ्रीडी चित्र दाखवलं: पुढे हिरवंगार लॉन, दोन पाम, पांढरे गोटे, मागे पेव्हर ब्लॉक आणि एक झोपाळा. चिकू चित्रात नव्हता.

आईनं चित्र पाहिलं आणि विचारलं, "चिकू कुठे गेला?"

"काकू, त्याची पानं फार गळतात. मेंटेनन्स वाढतो," तो म्हणाला.

आई काही बोलली नाही. रात्री जेवताना मला म्हणाली, "तुला करायचं ते कर गं. चिकूचं मात्र पावसाळा झाल्यावर बघू." मी तडजोड म्हणून मागच्या पट्टीतलं बाकीचं काम आधी करायला सांगितलं. दोन दिवसांत कर्दळी उपटल्या गेल्या, भिंतीलगतचा चर भरावानं बुजला, वर छान करडे पेव्हर बसले. मी फोटो काढून स्टेटसला टाकला.

मग जुलै आला.

कमेंट न वाचता डिलीट केलेली ओळ

आमच्या क्षेत्रात जुन्या कोडला हात लावताना एक शिस्त पाळतात. एखादी ओळ निरर्थक वाटली तरी ती लगेच काढायची नाही. ती कोणी लिहिली, कधी लिहिली, कशासाठी लिहिली हे आधी बघायचं. त्यासाठी 'गिट ब्लेम' नावाची एक आज्ञा आहे. ती प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख दाखवते. ऑफिसात मी रोज हे करते. घरी केलं नाही.

पाणी ओसरल्यावर आईनं कपाटातून बाबांची वही काढली. वाण्याचा, दुधाचा, विजेचा हिशेब, आणि अधूनमधून बाग. जून १९९९: "लाल माती, अर्धा टेम्पो." त्याच वर्षी नोव्हेंबरात: "आंबा मेला. मुळं काळी पडलीत. काका म्हणतात खाली खारं पाणी आहे." पुढच्या पावसाळ्यात: "चिकू लावला. उंचवट्यावर." आणि ऑगस्ट २००५ मध्ये, अक्षरं जरा दाबून: "मागचा चर ९ इंच खोल केला. उतार गेटकडे. बुजवू नये."

'बुजवू नये.' म्हणजे ओळीशेजारी कमेंटही होती. मी ती वाचली नव्हती, इतकंच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लीटर पाणी होतं. आमचा प्लॉट शंभर चौरस मीटरचा धरला तर तसा पाऊस म्हणजे चौऱ्याण्णव हजार लीटर पाणी. जुलैतला एखादा नेहमीचा जोरदार दिवस, समजा २०० मिलिमीटरचा, तरी वीस हजार लीटर होतातच. यातलं काही मातीत मुरतं, काही वाहून जातं. मी मुरायची जागा पेव्हरनं झाकली होती आणि वाहायची जागा भरावानं बुजवली होती. पाण्याला तिसरा रस्ता स्वयंपाकघराचा होता.

वहीत ज्यांचा उल्लेख आहे ते काका म्हणजे करावे गावातले एक शेतकरी. आमच्या गल्लीत ते बागकाम करायला यायचे. बाबा त्यांना माळी म्हणत नसत, काकाच म्हणत. आई सांगते की आंबा मेल्यावर काकांनी बाबांना एकच प्रश्न विचारला होता: भरतीच्या वेळी इथलं पाणी कुठे जातं, ते तुम्ही पाहिलंय का?

बाबा आयुष्यभर चेंबूरच्या एका खोलीत राहिलेले. त्यांनी ते पाहिलं नव्हतं. काकांनी पाहिलं होतं, कारण ही जमीन त्यांच्या ओळखीची होती.

नाव नवं, जमीन जुनी

सीवूड्स हे नाव ऐकून वाटतं की इथे समुद्राकाठी कधीतरी जंगल असेल. जंगल होतं, पण ते तिवरांचं, आणि समुद्र म्हणजे ठाण्याची आणि पनवेलची खाडी. गावांची नावं दारावे, करावे, सारसोळे, नेरूळ. आपल्या स्टेशनच्या पाटीवर आजही 'सीवूड्स-दारावे' असं लिहिलेलं आहे. लोकलमधल्या घोषणेत आपण पहिलाच शब्द ऐकतो.

या गावांतले आगरी आणि कोळी लोक खाडीच्या काठानं तीन गोष्टी करत: मासेमारी, मीठ आणि भात. आगर म्हणजे मिठागर; त्यावरूनच आगरी. भातशेती करायची तर खाऱ्या पाण्याला अडवायला हवं. म्हणून मातीचे बांध घालायचे आणि बांधात ठरावीक जागी 'उघाडी' ठेवायची. उघाडी म्हणजे झडप लावलेलं दार. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानं झडप बंद होते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. मोटार नाही, वीज नाही. पावसाळ्याची पहिली एक-दोन पाणी जमिनीतलं मीठ धुऊन नेतात आणि मग भात लावता येतो. अशा जमिनीला खारजमीन किंवा खाजण म्हणतात. कोकणात हे इतकं पसरलेलं होतं की १९४८ मध्ये मुंबई प्रांतात खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

जून १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकाचा एक अंक मुंबईच्या भवितव्यावर निघाला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी त्यात एक कल्पना मांडली: मुंबई उत्तरेला लांबत चालली आहे, तिला खाडी ओलांडून पूर्वेला नेऊ या. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांची जमीन, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचं क्षेत्र, नव्या शहरासाठी ठरवण्यात आलं. १९७३ मध्ये वाशीचा पूल सुरू झाला, १९९२ मध्ये लोकल वाशीला पोचली.

जमीन सहज मिळाली नाही. मोबदल्यावरून शेतकरी रस्त्यावर आले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. पुढे प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं धोरण आलं, त्यामागे हे रक्त आहे. आपण फ्लॅटच्या जाहिरातीत 'साडेबारा टक्के स्कीमचा प्लॉट' असं वाचतो आणि पुढे स्क्रोल करतो.

नवं शहर बसवणाऱ्या अभियंत्यांपुढेही प्रश्न काकांचाच होता: भरतीच्या वेळी पाणी कुठे जाणार? नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम वर आहे. म्हणून इथे धारण तलाव आहेत. भरती असताना नाल्यांचं पाणी या तलावांत साठतं, खाडीकडच्या झडपा बंद असतात. ओहोटीला झडपा उघडतात आणि तलाव रिकामा होतो. सांगताना याला डच पद्धत म्हणतात. खाजणातल्या शेतकऱ्याला ती दाखवली तर तो म्हणेल, ही तर उघाडीच.

आमच्या मागच्या भिंतीलगतचा नऊ इंचांचा चर हा या व्यवस्थेतला सर्वांत छोटा धारण तलाव होता. बाहेरची गटार भरतीला तुंबली की पाणी दोन-तीन तास त्यात थांबायचं. कर्दळी चिखलात तग धरतात म्हणून तिथे कर्दळी. चिकू खाऱ्या जमिनीला आंब्यापेक्षा बरा सोसतो म्हणून चिकू, आणि तोही उंचवट्यावर, म्हणजे मुळांना थोडी गोडी माती मिळावी. नारळाला खाऱ्या वाऱ्याचं वावडं नाही म्हणून नारळ. मला जी बाग ओबडधोबड वाटत होती, तिच्या प्रत्येक झाडाला कारण होतं.

परस, डालड्याचा डबा आणि बेलापूरची घरं

बाबांनी ही सगळी अक्कल काकांकडूनच घेतली असंही नाही. थोडी त्यांच्या आईकडून आली होती.

कोकणातल्या घराला पुढे अंगण आणि मागे परस असतं. पुढचं अंगण सारवलेलं, मोकळं. तिथे धान्य वाळतं, तुळशीचं लग्न लागतं, पाहुणे बसतात. मागचं परस कामाचं. न्हाणीघराचं पाणी थेट अळूत आणि केळीत जातं, म्हणून अळू आणि केळ नेहमी न्हाणीच्या मागे. शेवगा, कढीपत्ता, लिंबू स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण फोडणी तापत असताना कोणी लांब चालत जात नाही. कुंपणाला अडुळसा, कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. हे कोणी आराखडा काढून केलेलं नसतं, पण पाण्याचा एक थेंब वाया जात नाही.

ही माणसं मुंबईच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत आली तेव्हा अंगण मागेच राहिलं. चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या रिकाम्या डब्यात तुळस आली. माझ्या आजीनं चेंबूरला खिडकीच्या जाळीत ओवा आणि गवती चहा वाढवला होता. तीस-चाळीस वर्षं डब्यात बाग केलेल्या घराला १९९८ मध्ये अचानक जमीन मिळाली, तेव्हा बाबांनी काय केलं असेल? त्यांनी पुढे अंगण केलं आणि मागे परस. फक्त जागा रत्नागिरीच्या जांभ्यावरची नव्हती, खाडीवरच्या भरावाची होती. ती दुरुस्ती काकांनी केली.

शहरात घराला आकाश मिळावं हा विचार नवी मुंबईत मोठ्या पातळीवरही झाला होता, आणि आमच्यापासून एका स्टेशनावर. बेलापूरच्या टेकडीच्या पायथ्याशी चार्ल्स कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी एक वसाहत उभारली. तिला आज आर्टिस्ट्स व्हिलेज म्हणतात. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे आमच्यापेक्षा लहान. सात घरं मिळून ८ बाय ८ मीटरचं एक सामाईक अंगण. असे तीन गट एकत्र आले की २१ घरांमध्ये १२ बाय १२ मीटरचं मोठं अंगण. शिवाय प्रत्येक घराची स्वतःची मोकळी जागा. कोरियांचं म्हणणं साधं होतं: आपल्या हवामानात उघड्या आकाशाखालची जागा ही खोलीइतकीच उपयोगाची असते. वर्षातला बराच काळ आपण तिथे झोपतो, स्वयंपाक करतो, गप्पा मारतो.

मी ऑगस्टमध्ये तिथे गेले. मूळ घरं शोधावी लागतात. अनेकांनी मजले चढवलेत, काहींनी अंगणावर छप्पर घातलंय, टाइल्स लावल्यात. पहिल्यांदा वाईट वाटतं. पण कोरियांना हे अपेक्षितच होतं. कोणत्याही दोन घरांची भिंत एक नाही. ती मुद्दाम वेगळी ठेवली आहे, म्हणजे एकानं घर वाढवलं तरी दुसऱ्याला तडा जाणार नाही. कुटुंब वाढेल, पैसा येईल, घर बदलेल, हे आराखड्यातच धरलेलं होतं. न बदलण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे घरांच्या मधली सामाईक अंगणं. त्यांतली कित्येक अजून मोकळी आहेत. मी गेले तेव्हा एका अंगणात मुलं क्रिकेट खेळत होती आणि स्टंप म्हणून झाडाचं खोड होतं.

तिथून परतताना लोकलमध्ये माझा मुद्दा पहिल्यांदा मला स्पष्ट झाला. बाग बदलणं हा गुन्हा नाही. बाबांची बाग म्युझियम करून ठेवायची नव्हतीच. मला फक्त ठरवायचं होतं की आमच्या अंगणातल्या कोणत्या गोष्टी घराच्या वाढीसारख्या बदलू शकतात आणि कोणत्या गोष्टींना हात लावला की सगळंच बुडतं.

झाडांचे पासपोर्ट

मित्रमंडळींत ही गोष्ट सांगितली की हमखास एक सल्ला मिळतो: "सगळी परदेशी झाडं काढ, देशी लाव." म्हणून मी आमच्या झाडांचे पासपोर्ट तपासले. पंचाईत झाली.

चिकू मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिकडे त्याच्या चिकापासून च्युइंगगम बनायचं. आज घोलवड-डहाणूच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. बोगनवेल ब्राझीलची, १७६० च्या दशकात बोगनव्हील या फ्रेंच नाविकाच्या मोहिमेवर असलेल्या कॉमर्सों या वनस्पतितज्ज्ञानं तिची नोंद केली. त्याच्याबरोबर पुरुषाच्या वेशात गेलेली त्याची सहकारी झान बारे ही पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री. कर्दळ अमेरिकेची. देवळासमोरचा पांढरा खुरचाफा अमेरिकेचा. गल्लीतला गुलमोहर मादागास्करचा. मिरची, पेरू, पपई, सीताफळ, सगळेच बाहेरचे. उलट ज्याला नर्सरीवाले 'बर्म्युडा ग्रास' म्हणून चौरस फुटावर विकतात, ती आपली हरळी. शेतात ती उपटता उपटता शेतकऱ्याची कंबर मोडते, गणपतीला आपण तिच्याच दूर्वा वाहतो, आणि लॉनसाठी तिचंच कार्पेट विकत घेतो.

याचा अर्थ परदेशी झाडं निरुपद्रवी असतात असा नाही. घाणेरी, जिला काही भागांत टणटणी म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली गेली. आज सह्याद्रीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत तिनं जंगलाच्या जमिनी व्यापल्यात. तीही कोणाच्या तरी बागेचं 'रीडिझाइन' होतं. म्हणून झाडाला जन्मगाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. ते कुंपणाबाहेर पसरतं का? इथल्या पावसावर आणि मातीवर जगतं का? आणि पक्षी, कीटक, माणसं यांपैकी कोणाच्या तरी कामाचं आहे का? आमच्या चिकूवर रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी शेजारच्या काकू पिशवी घेऊन येतात. तो तिन्ही प्रश्नांत पास होतो. चित्रातले पाम फक्त पहिल्यात पास होत होते.

लॉनचा हट्ट

लॉन मला का हवं होतं? खरं सांगायचं तर फोटोसाठी.

एके काळी इंग्लंडमध्येही ते फोटोसाठीच होतं, फक्त तेव्हा कॅमेरा नव्हता. मोठ्या जमीनदाराच्या घरापुढे लांबच लांब कापलेलं गवत म्हणजे 'मला ही जमीन पिकवायची गरज नाही' अशी जाहिरात. ते कापायला विळे घेतलेली माणसं किंवा मेंढ्या लागत. १८३० मध्ये एडविन बडिंग यानं गवत कापायचं यंत्र काढलं आणि मग मध्यमवर्गालाही लॉन परवडायला लागलं. इंग्रजांबरोबर ते आपल्याकडे आलं: बंगल्यांत, जिमखान्यांत, कॅन्टोन्मेंटमध्ये. इंग्रज गेले, लॉन राहिलं.

इंग्लंडमध्ये बारा महिने थोडा थोडा पाऊस पडतो. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त, आणि मग आठ महिने जवळपास काही नाही. उन्हाळ्यात गवताला रोज सुमारे पाच मिलिमीटर पाणी लागतं. आमच्या पुढच्या २२ चौरस मीटरला म्हणजे रोज ११० लीटर. पावसाळ्यात तेच गवत चिखल होऊन सडतं. हा हिशेब मी पाच मिनिटांत केला. लँडस्केपवाल्याचं चित्र बघताना मात्र ती पाच मिनिटं मला सापडली नव्हती.

तोडायचं कोणी ठरवायचं

राहिला चिकू. आमच्या जागेतलं झाड, आम्हीच लावलेलं. काढलं तर कोणाला काय?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये असं त्यात सांगितलं आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती मुलांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. यातलं मला आवडतं ते असं की झाडाची किंमत फळांत किंवा लाकडात मोजलेली नाही. ती त्यावर गेलेल्या वर्षांत मोजली आहे.

आजचा कायदाही नकळत तिथेच आला आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरी भागात खासगी जागेतलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावण्याचं तत्त्व आणलं. आमचा चिकू पंचवीस वर्षांचा. त्याच्या बदल्यात पंचवीस झाडं लावायची, तर आमच्या प्लॉटमध्ये माणसांना राहायला जागा उरणार नाही. थ्रीडी चित्रात हा खर्च धरलेला नव्हता.

मोठ्या बागांनाही हाच मोह होतो. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये सुरू झाली. २००७ च्या सुमारास महापालिकेनं तिथल्या प्राणिसंग्रहालयाचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं नूतनीकरण करायचा मोठा आराखडा आणला. काही नागरिक, त्यांत बऱ्याच स्त्रिया, उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली? झाडं मोजली. तीन हजारांहून अधिक झाडं, कित्येक मुंबईत दुसरीकडे सहज न दिसणारी. ही फक्त प्राण्यांची जागा नाही, शहराची वनस्पती उद्यानाची जागा आहे, हे त्यांनी यादीनिशी दाखवलं. तो आराखडा मूळ रूपात झाला नाही. बदल पुढे झालेच, पेंग्विनही आले. पण आधी काय आहे ते मोजा आणि मग काय हवं ते बोला, हा क्रम त्या बायकांनी शहराला शिकवला.

शेवटी काय केलं

सप्टेंबरात मी आणि आई वही आणि मेजरटेप घेऊन अंगणात बसलो. प्रत्येक झाडापुढे लिहिलं: कोणी लावलं, का लावलं, आज काय काम करतं.

बोगनवेल काढली. हे सोपं नव्हतं. ती बाबांची शान होती, गल्लीत आमच्या घराची खूण होती. पण रंगाखेरीज आता तिचं काम उरलं नव्हतं, आणि तिच्या काट्यानं आईच्या हाताला झालेली जखम मधुमेहामुळे महिनाभर भरली नव्हती. ती काढायचं आईनंच ठरवलं. तोडताना ती आत जाऊन बसली. तिथे आता मधुमालती आहे.

मागचे पेव्हर अर्धे उचलले. चर पुन्हा खणला, नऊ इंच, उतार गेटकडे. कर्दळीचे कंद शेजाऱ्यांकडून आणले. ते मुळात आमच्याकडूनच त्यांच्याकडे गेले होते. उचललेले पेव्हर पुढच्या अंगणात वाळूवर, मध्ये फटी ठेवून बसवले, म्हणजे आईला सपाट वाट मिळाली आणि पाण्याला मुरायला जागा. कढीपत्ता आणि भाजीचे वाफे अडीच फूट उंच बांधून घेतले; वाकायला नको. लॉन नाही. चिकूच्या फांद्या विरळ केल्या आणि त्याची गळणारी पानं आता कोपऱ्यातल्या खड्ड्यात खत होतात. लँडस्केपवाल्यानं झोपाळ्याचे पैसे परत दिले नाहीत म्हणून झोपाळा मात्र आला. आई रोज संध्याकाळी त्यावर बसते.

करावे गावात काकांना शोधायला मी गेले होते. ते आता नाहीत. त्यांच्या मुलानं चहा दिला. त्यांच्या घराला अंगण नाही. भोवती चार मजली इमारती दाटल्यात आणि जुनी शेती कुठे होती ते त्यानं हातानं पाम बीच रोडच्या पलीकडे दाखवलं. ज्यांना ही जमीन कळत होती त्यांच्याकडे ती उरली नाही, आणि ज्यांच्याकडे आली त्यांना ती कळत नाही. मी हे त्याला बोलले नाही. काकांनी आमच्याकडे लावलेल्या झाडाचे चिकू मात्र दिले.

या वर्षी जूनच्या अखेरीस दोन दिवस मुसळधार पाऊस झाला. दुपारी भरती होती. चर भरत भरत काठाशी आला आणि थांबला. आई आणि मी मागच्या दारात उभ्या राहून बघत होतो. साडेतीन तासांनी पाणी उतरलं. स्वयंपाकघर कोरडं होतं.

रात्री मी बाबांची वही उघडली, त्यांच्या २००५ च्या नोंदीखाली तारीख टाकली आणि लिहिलं: "चर पुन्हा केला. गेल्या वर्षी बुजवला होता, पाणी घरात आलं. बुजवू नये."